आनंदाच्या चेहऱ्याचा रंग

आनंदा गेला, आणि त्याचा फोटो माझ्या स्क्रीनवर राखेच्या रंगाचा उघडला.

त्याच्या बायकोनं, शालनवहिनींनी, मोबाईलवर पाठवलेला. उत्तरकार्याच्या पत्रिकेसाठी.
खाली एकच ओळ. "भावजी, दवाखान्यात दिसत होते तसे दिसू देऊ नका."

आणि तो तस्साच दिसत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आनंदा नेसरीचा, लग्नाचे फोटो काढणारा. मी पत्रिका, अल्बम, कॅटलॉग करणारा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या कॅटलॉगवर आमची गाठ पडली. फोटो त्याचे, पानं माझी.
पहिल्याच दिवशी भांडलो. तो मला 'मास्तर' म्हणायचा.

मी कुठल्या क्लासची पायरी चढलेलो नाही. हेल्प मेनू वाचून आणि कागद नासवून शिकलो. म्हणून बोलतो ते खात्रीनं बोलतो.
फोटोतला रंग म्हणजे नुसते आकडे. ते आकडे कसे वाचायचे, हे सांगतं ते कलर प्रोफाईल. कॅमेरा, फोटोशॉप, पान लावायचं सॉफ्टवेअर, प्रेस, सगळीकडं ते फाईलबरोबर गेलं पाहिजे. वाटेत गळलं, की नवरीचा लालभडक शालू विटकरी छापून येतो.

आनंदाच्या कॅमेऱ्यात जास्त रंग धरणारं सेटिंग मीच मेनूत जाऊन लावून दिलं होतं. त्याचे आकडे त्याच्याच प्रोफाईलनं वाचावे लागतात, नाहीतर रंग मरगळतात.

"मास्तर, नवरी वळखू येतीया न्हवं? मग झालं की!"
"ओळखू येते रे. पण आजारी दिसते."
"तिचा नवरा काय म्हणाला न्हाय. तुमचं का दुखतंय?"

पुढं चारचौघांत, माझ्या तोंडावर सांगायचा, "मास्तरांचं सेटिंग मी कवाच काढून टाकलंय. त्यास्नी सांगू नका."
सगळे हसायचे. मीही. पण खरं काय, ते मी कधी तपासलं नाही.

परवा नेमकी तीच धास्ती बसली.

सेटिंग असेल, तर प्रोफाईल फक्त मोबाईलवरून येताना गळलंय. चेहरा आत शाबूत आहे.
त्यानं खरंच काढलं असेल, तर चेहरा हाच. मग मी जे काही करीन ते मेलेल्या माणसाला पावडर लावणं.

प्रेसवाल्याचा फोन. "पान कधी देताय? मशीन अडलंय."
"देतो," म्हटलं आणि कॅमेऱ्यातली मूळ फाईल बघायला गाडीला किक मारली.

आनंदाच्या स्टुडिओत वहिनींनी कॅमेऱ्याची बॅग काढून दिली. खंडेनवमीचं हळदकुंकू अजून लेन्सच्या खाचेत होतं. पूजा झाल्यावर वहिनींनीच काढलेला हा फोटो.
"त्यांनीच हातात दिला कॅमेरा. म्हणाले, दाब की, काय चावत न्हाय."

कार्ड लावलं. मूळ फाईल उघडली.
तोच राखेचा चेहरा. वर सूचना: या फाईलला प्रोफाईल नाही.

वहिनी मागं उभ्या. काय सांगू त्यांना?

मग फाईलच्या नावाकडं लक्ष गेलं.
नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोअर.

तेव्हा आठवलं. त्याचा कॅमेरा मुळात फाईलला प्रोफाईल जोडतच नाही. पण ते सेटिंग चालू असलं, तरच नावाआधी ही छोटी आडवी रेघ घालतो.

खाली खाली सरकत गेलो. बारसं, साखरपुडा, हळद, वरात. अख्ख्या कार्डात प्रत्येक नावाआधी ती रेघ.

काढलंच नव्हतं त्यानं. एक दिवससुद्धा.

मी रंगाला हात लावला नाही. फक्त योग्य प्रोफाईल लावून दिलं, हे आकडे असे वाच म्हणून.
उन्हानं रापलेले गाल वर आले. कपाळावरचं कुंकू लाल झालं. ओठांत रक्त आलं.

वहिनी वाकल्या.
"आले," म्हणाल्या.

तरी प्रेसवर पहिला कागद निघेपर्यंत माझा जीव टांगणीला. कागद घेऊन दारात गेलो, उजेडात धरला. किरमिजी शाई एक कणभर कमी करायला लावली. मशीनवाला वैतागला. वैतागू दे.

आज पत्रिका वाटल्या. फोटोबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आनंदा, वळखू येतोयस रे.
मग झालं की.

नीट जा.
तुझ्या मास्तराचा शेवटचा नमस्कार.