रवीचा ठिपका लाल झाला तेव्हा

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. घरी कुणी करणीबिरणीचा विषय काढला की मी उठून जाते. पण हे माझ्यासमोर घडलंय... रक्त माझ्या कपड्यांवर उडालं होतं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडं प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये टॅग असतो. कोण कुठं फिरतोय ते केबिनमधल्या स्क्रीनवर हिरव्या ठिपक्यांनी दिसतं. माणूस कोसळला की ठिपका लाल होतो, सायरन वाजतो.

दत्तू हा क्रेन ऑपरेटर ड्यूटी सोडून वाळूच्या गोदामामागं झोपायचा. स्क्रीनवर ते दिसलं आणि मॅनेजरनं त्याला घरी बसवलं. पण चुगली कागलच्या रवीनं केली, असं दत्तूच्या डोक्यात बसलं. रवी आमचा ग्राइंडरवाला, कास्टिंग घासायचा.

एका दुपारी सायरन वाजला. रवीचा ठिपका लाल! शेजारी सिक्युरिटीचे शिंदेमामा होते. म्हणाले, "रव्या पडला जणू. पळा मॅडम."

पळत गेले, तर रवी उभा. ग्राइंडर चालू.

"तुझा अलार्म आलाय. बरा आहेस ना?"

"मला काय झालंय? हितंच हाय की मी." ग्राइंडर बंद करून तो माझ्याकडं पाऊलभर सरकला...

आणि मागनं घण आला. तो सरकला म्हणून डोक्यावर बसणारा घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. रवी कोसळला. दत्तू मागच्या कंपाउंडवरून उडी मारून आला होता – हेल्मेट नाही, टॅग नाही.

"माझी भाकरी घालवलीस काय रं?" म्हणत त्यानं घण पुन्हा उचलला. मी भिंतीवरचा फायर एक्स्टिंग्विशर ओढला आणि सगळी पावडर त्याच्या तोंडावर मारली. आंधळा झाला तरी तो घण फिरवतच होता. मग तोच सिलिंडर मी त्याच्या गुडघ्यावर घातला. तो पडला, तेव्हा कुठं पोरांनी त्याला दाबून धरलं.

नंतर सिस्टीम बसवणारा इंजिनिअर पुण्याहून आला. रेकॉर्डमध्ये अलार्म एकच – घाव बसून रवी कोसळला तेव्हाचा. माझा ठिपका मात्र त्याच्या आधीच केबिनमधून पळत निघालेला.

"मॅडम, तुम्ही निघालात तेव्हा सगळे हिरवेच होते," तो म्हणाला.

शिंदेमामा आजही सांगतात, सायरन त्यांनीही ऐकला.

दवाखान्यात रवीनं विचारलं, "तुम्ही कशाला आलता ओ तवा?"

"तू पडला होतास म्हणून."

त्यानं प्लास्टरमधला खांदा सावरला. "न्हाय मॅडम," म्हणाला, "मी तवा उभा हुतो."