विडी सुटली, मिसरी राहिली

"ठोके लागतायत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पण पिशवीच्या बाजूला थोडं रक्त साठलंय. याला थ्रेटन्ड ॲबॉर्शन म्हणतात."

माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सोपं करून सांगितलं. गर्भ पडायची भीती आहे, पडलेला नाही. टिकूही शकतो.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा जानेवारी होता. आठवा आठवडा. आदल्या दिवशी ऑफिसात अंगावरून थोडं लाल गेलं होतं, म्हणून रजा टाकून आले होते. दोन वर्षांपूर्वी माझा एक गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला होता. तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला काही सांगितलं नाही. हे बाळ मला हवं होतं.

पोटावरचं जेल पुसून मी खुर्चीत बसले. सासू बाहेर बाकावर होती. मॅडमनी नेहमीचे प्रश्न विचारले. बीपी, साखर, आधीची औषधं. मग म्हणाल्या, "तंबाखू, सिगारेट, काही?"

"विडी," मी म्हटलं. "दिवसाला पाच-सहा."

केस पेपर लिहिणाऱ्या सिस्टरचं पेन थांबलं. मॅडमचं नाही थांबलं.

"पहिली कधी? उठल्यावर किती वेळाने?"

"बंब पेटवताना. चूळ भरायच्या आधी."

"बरं. मी ओरडायला विचारत नाहीये हं. विडीनं तुम्हाला किती घट्ट धरलंय ते बघतेय."

विडीचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई कुठली. मी सिन्नरची. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा. मी शाळेतून आले की दोरा बांधायला बसायचे. त्या विड्यांवरच मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी पहिली. नंतर सातपूरच्या एका कारखान्यात क्लार्क लागले. आईच्या कामाची मला लाज नव्हती आणि आजही नाही. बारावीच्या परीक्षेला जागताना पहिली विडी ओढली. घरात तिची काय कमी होती? लग्नानंतर सकाळी बंबाशी ओढायची, म्हणजे धुरात धूर जायचा. दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये. रात्री गच्चीवर, टाकीमागे. पुरुष चौकात उभे राहून ओढतात. मला सात वर्षं लपून ओढावी लागली.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. प्लासेंटा, म्हणजे वार. बाळाला खाणंपिणं आणि हवा तिच्यातून जाते. निकोटीननं तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. म्हणजे मी एक झुरका घेतला की आत त्या जिवाला हवा कमी.

"मग आधीचं बाळ मीच..."

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाचंही नाही आणि आताचं रक्त कशानं गेलं तेही नाही. पुष्कळदा कारण कळतच नाही. पण विडी सोडणं तुमच्या हातात आहे. बाकी फारसं काही तुमच्या हातात नाही."

इतकं खरं बोलणारा डॉक्टर मी आधी पाहिला नव्हता.

मी विचारलं, "एकदम सोडलं तर बाळाला झटका बसतो म्हणतात."

"झटका विडीनं बसतो. आजच सोडा."

त्यांनी गोळी दिली ती फक्त फॉलिक ॲसिडची, बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण नीट व्हावी म्हणून. विडीवर औषध दिलं नाही. म्हणाल्या, तल्लफ येते ती पाच-सात मिनिटांत उतरते. तेवढी काढायची. घोटघोट पाणी प्या, बडीशेप चघळा, उठून दुसऱ्या खोलीत जा. बंब काही दिवस दुसऱ्या कुणाला पेटवू द्या. आणि घरात एका माणसाला तरी सांगा.

मी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता, मान वर न करता म्हणाला, "माहितीये मला."

"कधीपासून?"

"लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून. नाक आहे ना मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सोडली असतीस?"

नसती सोडली. दुसऱ्या दिवसापासून बंब तो पेटवू लागला. पहिले दोन दिवस पाणी कोमटच निघालं.

पहिला आठवडा फार वाईट गेला. डोकं दुखायचं, झोप यायची नाही, भांडं पडलं तरी अंगावर काटा यायचा. हाताला काम नसलं की बोटं आपोआप दोरा बांधल्यासारखी हलायची. वर पोट साफ होईना. इतकी वर्षं विडीशिवाय परसाकडं झालंच नव्हतं. हे लिहायला संकोच वाटत नाही, कारण हे कुणी लिहीत नाही आणि नेमकं इथंच माणूस पुन्हा विडी पेटवतो.

सासूला मी आत्या म्हणते. निफाडकडच्या खेड्यातल्या, तोंडानं फटकळ, हातानं मायाळू. त्यांना विडीचं माहीत नव्हतं, पोटाचं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "दात घासायला मिसरी घे जराशी. लगीच मोकळी होशील. आमी सगळ्या तेच करीत आलो."

घेतली. चिमूटभर, सकाळी. पोट साफ झालं. डोकं दुखायचं थांबलं, मन शांत झालं. मग दुपारच्या जेवणानंतर घेतली, रात्रीही घेतली. मला वाटलं, जमलं. मॅडमच्या म्हणण्यापेक्षा लवकर जमलं.

बाराव्या दिवशी तपासणीला गेले ती छाती पुढं काढून. रक्त जायचं थांबलं होतं. सोनोग्राफीत ठोके चांगले होते. "बारा दिवस विडीला हात लावला नाही," मी म्हटलं.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "त्रास?"

"अजिबात नाही."

त्यांचं हसू जरा कमी झालं. टॉर्च घेतला. "तोंड उघडा." हिरड्या पाहिल्या. "दात कशानं घासता?"

"मिसरीनं."

"मिसरी कशी करतात?"

"तव्यावर भाजून काळी करतात, मग वाटतात."

"काय भाजतात?"

जर्द्याच्या ढिगाशेजारी वाढलेली पोर मी. वास घेऊन जर्दा ओला की सुका ते सांगायचे. आत्या तव्यावर काय भाजतात ते रोज डोळ्यांनी बघत होते. पण आमच्याकडं खातात आणि ओढतात त्याला तंबाखू म्हणतात. दाताला लावतात ते मंजन. तसंच मनात बसलेलं.

"तंबाखू," मी म्हटलं.

सिस्टरला हसू आलं. मॅडमनी तिच्याकडं नुसतं पाहिलं. मग मला म्हणाल्या, "निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातं. म्हणून तुम्हाला त्रास झाला नाही. पण बारा दिवस धूर नाही गेला, ते तुमचं खरं आहे. ते कुणी काढून घेत नाही. आता उरलेलं सोडायचं." पोटासाठी इसबगोल लिहून दिलं.

घरी येऊन मी आत्यांना सगळं सांगितलं. विडीचंही. विडीवर काहीच बोलल्या नाहीत. मिसरीवर बोलल्या.

"काय सांगती डाक्तरीन? म्या पाच पोरं काढली मिसरी लावून."

"त्यातली दोन गेली, आत्या."

हे मी बोलले. बोलायला नको होतं. त्यांची दोन पोरं कशानं गेली ते मला ठाऊक नाही, त्यांनाही नाही. मॅडम माझ्याशी जे बोलल्या नाहीत ते मी त्यांच्याशी बोलले. संध्याकाळी मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. जेव."

त्यानंतर आमच्या घरात तव्याचा तो वास आला नाही. आत्यांनी मिसरी सोडली असं समजू नका. त्या शेजारणीकडं जाऊन भाजायच्या, तिथंच लावायच्या, आणि चूळ भरून घरी यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "गप्पा मारायला गेल्ते."

दुसऱ्यांदा सोडणं पहिल्यापेक्षा जड गेलं. या वेळी मागचं दार बंद होतं. पाचव्या महिन्यात माहेरी गेले, सुपाशेजारी बसले आणि एक विडी ओढली. अर्धी. पुढच्या तपासणीला तेही सांगितलं. मॅडमनी तारीख लिहिली आणि विचारलं, "त्यानंतर?" नाही म्हटलं. "मग पुढं चला," म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. दोन किलो सातशे. रडली ती अशी, की वॉर्डातल्या सगळ्या बाया उठून बसल्या. आत्यांनी तिला पहिल्यांदा घेतलं ते पदरानं तोंड झाकून, वास जाऊ नये म्हणून.

आता ती आठ वर्षांची आहे. मी हे लिहितेय म्हटल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, नाव नको घालू. उद्या पोरीचं लग्न करायचंय. आई विडी ओढायची म्हणतील लोक."

म्हणू देत. मी ओढायचे. ज्यांना दिवस गेलेत आणि ज्या बंबाशी, टाकीमागे, संडासात लपून ओढतायत, किंवा चिमूट लावून मंजन म्हणतायत, त्यांनी डॉक्टरला खरं सांगावं. एक डॉक्टर ओरडला तर उठून दुसऱ्याकडं जावं. माझी मॅडम मला पहिल्याच दारात भेटली, हे माझं नशीब. तिचे उपकार मी विसरणार नाही.

पण तोंड मी उघडलं. मुलगी जगात यायच्या आधी तिच्यासाठी मी केलेलं ते पहिलं काम. आता तिच्याच लग्नाचं नाव सांगून ते तोंड कुणी बंद करू नये.