डायल तीनवरच राहिला

जपानमधल्या सेंदाईजवळच्या घाटातल्या त्या अपघाताच्या रिपोर्टवर माझी सही आहे. ड्रायव्हरने इंजिन ब्रेकिंग वापरलं नाही, म्हणजे गिअर खाली घेऊन वेग आवरला नाही, नुसता पायाने ब्रेक दाबत राहिला, असं मी त्यात लिहिलं. ते खोटं आहे. रिपोर्ट दुरुस्त करायला ती कंपनी आता उरलेली नाही, म्हणून इथे लिहितो.

डिझेल पिकअपला लावायचे ट्रेलर ब्रेक कंट्रोलर आम्ही परदेशी पाठवायचो. मागच्या ट्रेलरचे ब्रेक किती जोराने लागावेत, हे त्याच्या डायलवर ठरतं. त्या सकाळी चाचणीला निघालो तेव्हा ट्रेलर रिकामा होता, ब्रेक लागला की हिसके बसत होते. मी डायल कमी करून तीनवर आणला. दुपारी ट्रेलरवर जनरेटर चढवला आणि डायल वाढवायला विसरलो.

उतारावर ड्रायव्हरने गिअर खाली घेतला होता. मी शेजारीच होतो, इंजिनाची घरघर ऐकत होतो. पण इंजिन पिकअपला आवरतं. मागून रेटणाऱ्या ट्रेलरला नाही. वळणावर ट्रेलर आडवा फिरला. मला खरचटलं. त्याचा खांदा मोडला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तो पलंगावर कसाबसा उठून बसला आणि वाकून माझी माफी मागू लागला. इथे माणूस आधी माफी मागतो, चूक कुणाची हे मागाहून बघतात. सहा वर्षं इथे काढल्यावर मला ते पक्कं ठाऊक होतं. तरी ती माफी मी कबुली म्हणून लिहून टाकली. त्याला गोदामात पाठवलं. मला बढती मिळाली.

गेल्या महिन्यात टोकियोतल्या एदोगावाहून त्याच्या घरी गेलो, सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "वळणाआधी डायलकडे नजर गेली होती. तोवर उशीर झाला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता बायकोला सांगा. तेव्हापासून ती माझ्या गाडीत बसत नाही."

ती आली. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी पुन्हा सगळं सांगितलं. ती नवऱ्याकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं? आणि माझ्याशीही गप्प बसलात?"

मी म्हणालो, चूक माझी आहे.

"तुमचं झालं ना सांगून?" ती म्हणाली, आणि माझ्यापुढचा चहाचा भरलेला कप उचलून आत गेली.