मरळीच्या लाल पिल्लांचा राखणदार

मी एम.एस्सी. झालो तो उणकलच्या तळ्यावरच्या एका कोळ्यामुळे. त्यांना मी अण्णा म्हणत असे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. वडील जुन्या हुबळीत शिवणकाम करत. प्राध्यापकांनी मला पुस्तकं दिली. पुस्तकांत नव्हतं ते अण्णांनी दाखवलं.

माझा विषय मरळ माशाचं प्रजनन. काठच्या पाणगवतात हा मासा ताटाएवढी जागा मोकळी करतो आणि तिथं पिवळसर अंडी पाण्यावर तरंगत राहतात. पिल्लं निघतात ती तांबडीलाल. ती शेकड्यांनी एकत्र फिरतात. श्वासाला वर आली की तेवढंच पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्यांच्याखाली एक मोठा मासा सतत असतो. तो बाप की आई, हे मला शोधायचं होतं. बाहेरून नर-मादी सारखेच. पोट फाडल्याशिवाय कळत नाही.

अण्णा हसले होते. आमचं बोलणं कानडीतच चाले; मला ते तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. "एवढे शिकलेले लोक तुझ्या कॉलेजात, आणि हे विचारायला माझ्याकडे आलास? आम्ही विचारत नाही तम्मा. जो राखतो तो राखतो."

राखणदाराला धरणं फार सोपं. गळाला जिवंत बेडूक लावून पिल्लांवर नाचवला की तो भुकेनं नाही, रागानं झडप घालतो. म्हणूनच तळ्यावरच्या कोळ्यांनी ते वर्ज्य केलं होतं. पिल्लं लाल आहेत तोवर बेडूक नाचवायचा नाही. काळी पडून पांगली की मग. हा नेम मोडणाऱ्याचं जाळं पंच वर्षभर घरी टांगायला लावत.

माझ्यासाठी अण्णांनी तो एकदा मोडला. कोणी नसताना बेडूक टाकला, मासा माझ्या डब्यात ठेवला आणि म्हणाले, "एकच हं. पुन्हा मागू नकोस."

तो नर निघाला. प्राध्यापक म्हणाले, एकावरून काही सिद्ध होत नाही; निदान सात-आठ हवेत, नाहीतर प्रबंध पाठवता येणार नाही. त्याच आठवड्यात अण्णा तापानं पडले. मी सायकलवरून भर दुपारी एकटाच जाऊ लागलो. चार दिवसांत सात घोळक्यांवरचे सात राखणदार मी धरले. शेवटच्या दिवशी काठाला बसून राहिलो. राखणदार गेल्यावर पिल्लं जागच्या जागी फिरत राहिली. मग खालून दुसरे मासे आले, वरून बगळे. दिवस मावळायच्या आत तिथं पाणी स्वच्छ होतं. हे मी वहीत टिपलं. प्राध्यापकांना प्रबंधातलं तेच पान सर्वांत आवडलं. आठही मासे नर होते.

कोणीतरी मला पाहिलं होतं. मी परका, माझ्यावर पंचांचा काय अधिकार? त्यांनी अण्णांना धरलं, कारण मला शिकवणारे तेच. अण्णा वडिलांच्या दुकानी आले. वडिलांना यातलं काही कळू दिलं नाही. मला बाहेर बोलावलं. तापातून उठलेले, भिंतीला हात टेकून उभे होते.

"तू येऊन एवढंच सांग, की यांनी मला अडवलं होतं. पंच तुला काही करणार नाहीत."

मी येतो म्हणालो. गेलो नाही. गोष्ट कॉलेजपर्यंत गेली तर प्रबंध अडेल, ही भीती होती. ते आणखी एकदा आले, तेव्हा मी दुकानाच्या मागच्या दारानं निघून गेलो. पंचांनी त्यांचं जाळं घरी टांगायला लावलं, आणि पुढं ते हुबळीच्या मालधक्क्यावर हमालीला लागले. एकदा कापसाच्या गाठीला खांदा देताना दिसले. खोकल्यासाठी थांबले, तर मागच्या हमालानं त्यांना शिवी दिली. मी तिथूनच परत फिरलो.

पदवी मिळाल्यावर मी पंचांकडे गेलो आणि मालधक्क्याच्या पत्त्यावर अण्णांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मूळ पत्र कानडीत; त्यातल्या अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे ती अशी:

"अण्णांना साष्टांग नमस्कार.

कोणाकडून तरी हे वाचून घ्यावं. काल मी पंचांपुढं उभा राहिलो. तुम्ही एकच मासा दिला आणि पुन्हा मागू नकोस म्हणून बजावलं, बाकीचे सात तुम्ही आजारी असताना मी चोरून धरले, असं सांगितलं. तुम्ही आधीच हे सांगितलं होतं, असं ते म्हणाले. पण तेव्हा साक्षीला कोणी आलं नाही.

पदवी हातात पडल्यावर मी गेलो, त्याआधी नाही. हे तुमच्यापासून लपवत नाही.

त्या काठाला यंदा लाल पिल्लं दिसली नाहीत असं पंच म्हणाले. तुम्ही जाळं टाकायला आता त्यांची हरकत नाही. मी तुमच्या घरी जाऊन जाळं पाहिलं. उंदरांनी ते मधोमध कुरतडलं आहे. घरी अक्का होत्या. तुम्ही आता जाळं ओढू शकणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्यांनी बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच परत आलो."