पायरीवरचा उडालेला रंग

कापूरहोळ फाट्यावर पंक्चर काढणारे ते गृहस्थ पूर्वी लष्करात ट्रक चालवायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मी पडलो कलाकार! महायुद्धातल्या ट्रकची मी बनवलेली वीतभर प्रतिकृती, वर महागड्या रंगांचा गंज नि चिखल, प्रदर्शनातल्या स्पर्धेत ठेवणार असं सांगत त्यांना ऐटीत दाखवली. हात पुसून त्यांनी ती उचलली.

"चिखल लई भारी, साहेब. पर डायवर चढतो त्या पायरीचा रंग उडालाच न्हाई. हिच्यात कुणी बसलंच न्हाई व्हय?"

भोरला घरी येऊन मी पायरी खरवडली. प्रदर्शनात माझ्या ट्रकलाच पहिलं बक्षीस मिळालं. "पायरीचं कसं सुचलं?" परीक्षकांनी विचारलं. "निरीक्षण," मी म्हणालो.

पुढच्या पंक्चरला त्यांनी विचारलं, "नंबर आला का?"

श्रेय वाटावं लागेल म्हणून मी "नाही" म्हणालो.

"त्या लोकांना गाडीतलं काय कळतंय," म्हणत त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलोसुद्धा.