दोन तुकड्यांना दोन गोळ्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे लहानपणापासून सगळ्यांनी मला ऐकवलंय. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरांच्या रिपोर्टपर्यंत मी काहीही सरळ मानत नाही. ठाण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते तिथे हा स्वभाव चालतो. घरी मात्र त्यावरून टोमणेच मिळतात.

तेव्हा आम्ही माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पाऱ्याचा परिणाम तपासत होतो. प्लॅस्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खणांत पेशी वाढवायच्या, काही खणांत पारा घालायचा, काहींत पारा आणि सेलेनियम, म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं एक खनिज, दोन्ही. दुसऱ्या दिवशी निळा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मेलेली पेशी रंग आत घेते, जिवंत पेशी घेत नाही.

त्याच सुमाराला धाकटी बहीण डोंबिवलीहून बाळंतपणासाठी आमच्या कळव्याच्या घरी आलेली. मुलगी झाली. आम्ही मूळचे कोकणातले, तेव्हा बाळंतिणीला मोरीचं कालवण दिलं की दूध भरपूर येतं, हे आईला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मोरी म्हणजे शार्कच. ती आयुष्यभर दुसरे मासे खाते आणि त्या सगळ्यांच्या अंगातला पारा हिच्या अंगात साठत जातो. आईने पहिल्यांदा मोरी आणली तेव्हा मी तिला पिशवी उघडूच दिली नाही.

"दुधातून पोरीच्या पोटात पारा जाईल," मी म्हणाले.

"तुझ्या वेळी आठवड्यातून दोनदा खाल्लेली मी. काय कमी पडलं तुला?"

"डोकं," बहीण आतल्या खोलीतून ओरडली.

मी ऐकलं नाही. ती मोरी शेजारी गेली आणि आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत राहिली.

पुढच्या आठवड्यात प्रयोगाचा निकाल आला. नुसत्या पाऱ्याच्या खणांत सगळं निळं झालेलं. पारा आणि सेलेनियम एकदम घातलेल्या खणांत मात्र बहुतेक पेशी जिवंत होत्या. इतका चांगला निकाल बघून मला आधी बाटल्यांचाच संशय आला. तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा तेच. त्या दिवशी मी खरंच खूश होते. जेवताना सांगून टाकलं, "आई, सेलेनियम पाऱ्याला बांधून ठेवतं. पेशीला हातच लावू देत नाही. अगदी खरं."

आईने मला आणखी भात वाढला.

तीन-चार आठवड्यांनी बहिणीच्या तोंडाला लसणीचा वास येऊ लागला. बाळंतिणीच्या जेवणात लसूण असतेच, म्हणून मी गप्प बसले. मग तिच्या उशीवर केस दिसायला लागले. आई म्हणाली, बाळंतपणानंतर केस जातातच. मग नखं तुटायला लागली. आई म्हणाली, अंगातलं कॅल्शियम कमी झालं असेल. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि इतकी तयार उत्तरं आली की माझं डोकं फिरतं. मला वाटलं, माझ्या पाठीमागे घरात मोरी शिजतेय. फ्रीज तपासला, कचऱ्याचा डबा तपासला. बहिणीला विचारलं तर ती हसून म्हणाली, "ताई, तू पोलिसात का नाही गेलीस?" पण हसताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग प्रयोगशाळेत एक नवी प्लेट समोर आली. तुलनेसाठी काही खणांत नुसतं सेलेनियम होतं, पारा नव्हताच. या वेळी त्याचं प्रमाण वाढवलेलं. ते खण निळे होते. पाऱ्यापासून वाचवणारं सेलेनियम, जास्त झाल्यावर एकट्यानेच पेशी मारत होतं. सेलेनियम जास्त झालं की माणसाला काय होतं, हे मी तिथेच वाचायला घेतलं. श्वासाला लसणीसारखा वास. केस गळणं. नखं तुटणं.

मी दुपारीच घरी आले. गॅसवर मोरी होती. ओट्यावर रव्याच्या डब्यामागे गोळ्यांची बाटली सापडली, सेलेनियमची.

"किती देतेस हिला?"

"एका तुकड्याला एक," आई म्हणाली. "दोन तुकडे खाल्ले तर दोन. कालवण खारट झालं की बटाटा टाकतो ना आपण, तसं. आणि ज्या दिवशी मोरी नाही, त्या दिवशी एक. आधीच्या माशांचा पारा राहिला असेल तर."

मी ओरडले. प्रयोगातला पारा वेगळा आणि माशातला पारा वेगळा, माशातल्या पाऱ्यावर मी काही तपासलंच नव्हतं, खणातल्या पेशी म्हणजे बाळंतीण नव्हे, असं बरंच काही बोलले. बाळ दचकून रडायला लागलं. बहिणीने त्याला छातीशी घेतलं आणि मग माझ्याकडे बघत विचारलं, "पाजू का नको?"

मला उत्तर माहीत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तासाभरात आम्ही चौघी डॉक्टरांकडे होतो. त्यांनी बाळाला नीट तपासलं, ते ठीक होतं. बहिणीचं रक्त घेतलं, गोळ्या आणि मोरी दोन्ही बंद करायला सांगितलं. पुढे काही आठवड्यांत वास गेला, काही महिन्यांत नवी नखंही नीट आली. पण ते नंतर. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "मला एकदा विचारायचं तरी."

आई कालवणाचं पातेलं सिंकमध्ये रिकामं करत होती.

"आठ दिवस मी आधी स्वतः खाल्ल्या गोळ्या," ती म्हणाली. "मला काय झालं नाही, मग हिला दिल्या."

"पण मला का नाही विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तू सख्ख्या आईवरसुद्धा संशय घेतेस. जन्मात पहिल्यांदा तू कशाला तरी अगदी खरं म्हणालीस. मला वाटलं, मग ते खरंच असणार."