वीतभर गवत

या, अशा जवळ या. फाटकात काय उभ्या राहता पाव्हण्यांसारख्या? आणि पाय जरा फरशीवरून टाका, गवतावरून नको. चार-चार महिने तोंड दाखवत नाही तुम्ही, अन् आल्या-आल्या विचारता, "काकू, अंगणात जंगल काहून वाढवून राहिल्या?" बसा, सांगते.

त्या गवतवालीला तुम्ही पाहिलं असेल. भंडाऱ्याच्या टोकाच्या वस्तीतून यायची, काखेत विळा, डोक्यावर चुंबळ. फाटक उघडलं की आधी खाली बसायची आणि पंजा ताणून गवतात उभा धरायची. अंगठा मातीत, करंगळी वर. करंगळी गवतात बुडाली तर विळा काढायची. नाही तर कडेचं मूठभर खुडून, पदर झटकून उठायची. "वीतभर होऊ दे, सायबीन बाई. वाढू दे."

माझे यजमान जन्मभर कारकून. त्यांना साहेब म्हणून कोणी हाक मारली नाही, मी तर नाहीच नाही. पण तिच्या तोंडी मी शेवटपर्यंत साहेबीण.

एक तांबडी गाय होती तिची. घरात दुसरं कोणी नाही, एक लेक, ती तुमसरकडे दिलेली. आपण सुनेचं बोलतो ना, तशी ती गायीचं बोलायची. "आज रुसली हाय. काल शिळं टाकलं ना मी." भारा बांधून झाला की मी हात लावून तिच्या डोक्यावर चढवून द्यायची. गाय व्याली की चिकाचं पहिलं भांडं माझ्याकडे. माझ्याच अंगणातलं गवत खरवस होऊन परत यायचं.

आधी तिला धानाच्या बांध्यांवर गवत मिळे. मग लोक तणनाशक मारायला लागले. रिकाम्या प्लॉटांना भिंती आल्या. शेवटी उरली दोन-तीन अंगणं, त्यात मोठं माझं.

एकदा मुलगा नागपूरहून आला आणि त्याला पायरीजवळ साप दिसला. झालं! पुढच्या खेपेला तो पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र घेऊन आला. अर्ध्या तासात अंगण सपाट. ती आली, कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"पोरानं अंगणाचं मुंडन केलं का? कोन मेलं वं बाई घरात?"

मी हसली, तीही हसली. पडलेलं गवत गोळा करून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. "तोंड फिरवलं तिनं. पेट्रोलचा वास येऊन राहिला ना त्याले. नवरीवानी रुसून बसली."

तेव्हा मी शहाणपण केलं. मुलाला म्हटलं, हे धुराचं भूत घेऊन जा आणि हातानं ढकलायचं यंत्र आण. त्याने लगेच आणलं. दोन चाकं, मध्ये गोल फिरणारी पाती, लांब दांडा. ना पेट्रोल, ना वास. "आई, रोज फिरव, गुडघे मोकळे होतील," म्हणाला. मी तिला निरोप धाडला, आता तुझ्या गायीला स्वच्छ गवत.

पण ते यंत्र वाढलेलं गवत कापतच नाही, हे मला कुठे ठाऊक! उंच गवतावर ढकललं की गवत वाकतं आणि यंत्र वरून निघून जातं. बोटभर असतानाच फिरवावं लागतं, दर चार दिवसांनी. अन् निघतं काय? भाजीवर टाकायला हिरवा सांबार, कोथिंबीर हो, बारीक चिरतो ना आपण, तेवढं.

ती आली, पंजा उभा धरला. सगळा पंजा उघडाच.

"बोटभर बी नाई." खराट्याने झाडून तिने पोत्यात भरलं, तर निम्मी मातीच. "हे गाय चमच्यानं खाईन का वं?"

"थांब, मी वाढू देते," मी म्हटलं.

"राहू दे. पोराले सापाचं भेव हाय."

मी राहू दिलं. खरं सांगते तुम्हाला, सापाचं निमित्त होतं. ते सारखं, हिरवं अंगण मला आवडायला लागलं होतं. येणारेजाणारे थांबून पाहायचे.

श्रावण लागता लागता ती आली. विळा नाही, चुंबळ नाही.

"गाय देल्ली बाई. पोट भरत नव्हतं तिचं. जाताना मांगं पाहे."

बोलता बोलता सवयीने खाली बसली, पंजा गवतावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मी चहा आणला. "गाय नसली म्हणून काय झालं? येत जा."

"कायले येऊ? तुया फाटकातून रिकामी कधी गेली का मी?"

चहा पिऊन, कप विसळून, फाटक लावून गेली.

महिन्याभराने मी ऑटो करून तिच्या वस्तीत गेली. दाराला कुलूप. खुंटा होता, खुंट्याला दावं होतं. शेजारीण म्हणाली, लेक घेऊन गेली. तिथं अंगण नाही, वर पत्रे अन् खाली सिमेंट.

यंत्र तेव्हापासून मागे पडलं आहे, पाती गंजली. मुलगा फोनवर ओरडतो. रोज सकाळी मी खाली बसून पंजा धरते. करंगळी कधीची बुडाली. आता कोपरापर्यंत हात जातो.

दिवाळीला तो येईल आणि सगळं कापून टाकेल. त्याच्या आधी या तुम्ही. कोणाच्या घरी गाय असेल तर विळा घेऊनच या. नसेल तरी या. पण लवकर या, हिरवं आहे तोवर. आणि माझ्या फाटकातून रिकाम्या जाऊ नका, बायांनो.